सावरपाड्याची सोपवणी

"दोर ओढ, दोर! ड्रम आहे तो, केळीचा घड नाही!" दुमिंगमामा बसच्या टपाकडे मान वर करून ओरडत होता.

दुमिंगमामा आमच्या गावचा बॅंडमास्तर. लग्न असो, सण असो, मयत असो, बॅंडच्या आधी त्याचा आवाज ऐकू यायचा. त्या सकाळी तो भलताच खुशीत होता. आमच्या चर्चचे फादर क्लेटस यांची बदली झाली होती, आणि त्यांना सावरपाड्याला पोचवायला बस भरून गाव निघालं होतं. मी हे सगळं आमच्या ओटीवरून ऐकत होते. साडी नेसून केव्हाची तयार होते, पण पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता.

"पर्पेत, सगळे तुझ्यासाठी थांबलेत," इनास म्हणाला. इनास माझा नवरा. बॅंडमध्ये छोट्या तुतारीसारखा कॉर्नेट वाजवतो. पांढरा डगला, पितळी बटणं, काखेत कॉर्नेटची पेटी. चेहरा मात्र मयताला निघाल्यासारखा.

"थांबू देत."

"आज एकदा सोपवून टाक त्यांना. म्हणजे आपण मोकळे."

आमच्या गावची ही रीत आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. फादरांची बदली झाली की गाव त्यांना एकटं जाऊ देत नाही. नव्या गावाच्या चर्चच्या दारापर्यंत आम्ही बॅंड घेऊन जातो. दारात आमच्या पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाचा, उपाध्यक्ष फादरांचा हात धरतो आणि त्या गावच्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात देतो. "आमचा माणूस तुमच्या हाती देतो, जपा." समोरचा म्हणतो, "जपू." मग बॅंड वाजतो आणि फादर आत पाऊल टाकतात. आम्ही याला सोपवणी म्हणतो. बायका तर मुलगी सासरी धाडल्यासारख्या रडतात. एकदा एका फादरांच्या सोपवणीला मीसुद्धा पदर भिजवला होता, आणि ते फादर तर माझ्याशी धड बोलायचेही नाहीत.

त्या वर्षी उपाध्यक्ष मी होते. गावात त्या पदावर आलेली पहिली बाई. माझं नाव फादर क्लेटस यांनीच सुचवलं होतं. तेव्हा मी आठवडाभर तरंगत होते.

सेलिन आमची एकुलती एक. तेव्हा तेरा वर्षांची. गायनमंडळात पहिल्या रांगेत उभी राहायची. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात फादर क्लेटस तिला सराव संपल्यावर सरावाच्या खोलीत एकटीला थांबवून घ्यायचे. एकटीने म्हणायचं गाणं आहे, जास्त तयारी हवी, असं सांगायचे. त्या बंद खोलीत त्याने काय केलं ते मी इथे लिहिणार नाही. ते सेलिनचं आहे, माझं नाही. आणि यापुढे मी त्याला 'ते' म्हणणार नाही. माझ्याने होत नाही.

तिने मला सांगितलं ते ईस्टर उलटून गेल्यावर, एका दुपारी वाल सोलताना. शेंगा सोलत होती, सोलता सोलता बोलत होती, आणि सांगून झाल्यावरही सोलत राहिली. दुसऱ्याच दिवशी मी तिचा हात धरून बिशप हाउस गाठलं. तिथे मोन्सिनियर बोनिफास भेटले. बिशपसाहेबांच्या खालोखाल त्यांचा शब्द चालायचा. गोरे, शांत, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी सेलिनला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "बाळ, तुला नीट आठवतंय ना? फादर क्लेटस यांचा स्वभाव मायाळू आहे. कधी कधी आपल्या मनाचा घोटाळा होतो."

सेलिन जमिनीकडे बघत राहिली. परत येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "त्यांना खोटं वाटलं." त्यानंतर तो विषय तिने काढला नाही. गायनमंडळ सोडलं. घरात ती पाहुण्यासारखी वावरायला लागली, वाढू तेवढंच घ्यायची, विचारू तेवढंच बोलायची.

पुढे मोन्सिनियरनी मला एकटीला बोलावून घेतलं. "बिशपसाहेबांना मी सगळं सांगितलंय. फादरांची बदली करतोय. लांब, डोंगरात. एकांताची जागा आहे. प्रायश्चित्तच समज. तुझ्याकडून एकच हवं, पर्पेत. तोंडातून शब्द काढायचा नाही. मुलीचं उद्या लग्न व्हायचंय."

मला वाटलं, न्याय झाला. आमच्या गावात बदली म्हणजे केवढी मोठी गोष्ट! पुढच्या रविवारी मी मोन्सिनियरना घरी वाळवलेल्या केळ्यांची, सुकेळ्यांची पुडी नेऊन दिली. आभार मानले.

आणि आता त्या माणसाचा हात माझ्या हातात धरायचा होता. नाही म्हणावं तर गाव विचारणार, का गो नाही? आणि एकदा 'का' विचारलं की गाव उत्तरापर्यंत पोचायला वेळ लावत नाही. सेलिनला मी शब्द दिला होता की कोणाला कळणार नाही. म्हणून मी निघाले होते.

बाहेर पडताना ती मागच्या दारात उभी होती. आमच्या घरात किनाऱ्यावरची बोली बोलतात, ती लिहिली तर तुम्हांला अर्धी कळायची नाही, म्हणून साध्या मराठीत सांगते.

"आय, तिकडे मुली आहेत?"

"तिकडे डोंगर आहे गो. एकांताची जागा आहे, मोन्सिनियर म्हणाले."

"पण मुली आहेत का?"

"मला काय ठाऊक!" मी जोरातच बोलले. तिने मान हलवली आणि आत गेली. मला माझाच राग आला, पण बसचा हॉर्न वाजत होता.

बसमध्ये माझी जागा पुढच्या बाकावर, क्लेटसच्या बरोबर मागे ठेवली होती. गळ्यात हार घालून तो बसला होता. वाटेत जपमाळ झाली, गाणी झाली, चिवडा फिरला. मध्येच त्याने मागे वळून मला पेपरमिंटची गोळी दिली. "पर्पेतबाई, आज तुम्ही रडणार बहुतेक."

"बघू," मी म्हणाले. गोळी मुठीत धरून बसले. ती विरघळून हात चिकट झाला तरी टाकायला सुचलं नाही.

मला दुसरं काही सुचतच नव्हतं. त्याचा हात धरायचा, ही एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. डाव्या हाताने धरावा का? मध्ये रुमाल ठेवता येईल का? लग्नात घालायचे जाळीचे हातमोजे घरी पडले होते, ते आठवून हळहळले. असले वेडे विचार. मागून बायका विचारत होत्या, "पर्पेत, बोलायचं पाठ केलंस ना गो? अडखळू नकोस, गावाची लाज जाईल."

रस्ता वर चढायला लागला तशा बागा संपल्या, लाल माती लागली, साग लागले. पुढे मोन्सिनियरची पांढरी गाडी धूळ उडवत चालली होती. मी मनाची समजूत घालत होते. बघ, खरंच लांब आहे. खरंच कोणी नाही इथे. एक म्हातारं चर्च असेल आणि चार झोपड्या.

शेवटच्या वळणावर ढोल ऐकू आला.

मी वाकून काचेतून पाहिलं. चर्चच्या फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंनी मुली उभ्या होत्या. निळे झगे, तेल लावून घट्ट बांधलेल्या वेण्या, हातात रानफुलं. दहा वर्षांच्या, बारा वर्षांच्या, चौदा वर्षांच्या. त्यांच्या मागे लांब बैठी इमारत, आणि भिंतीवर रंगाने लिहिलेलं: मुलींचे वसतिगृह.

"अरे वा!" दुमिंगमामा मागून म्हणाला. "इथे तर गायनमंडळ तयारच आहे! फादर, नशीब काढलंत."

क्लेटस हसला. त्याची मान मला मागून दिसत होती. त्याने कॉलर सारखी केली.

मला बसमधून उतरता येईना. इनासने हाताला धरून उतरवलं. मी म्हणाले, "मुली आहेत." त्याने पेटी उघडली, कॉर्नेट काढला आणि त्याचं तोंड रुमालाने पुसायला लागला. पुसतच राहिला.

मी मोन्सिनियरना गाठलं. ते गाडीपाशी झग्यावरची धूळ झटकत होते.

"मोन्सिनियर, तुम्ही एकांत म्हणाला होता."

"एकांतच आहे. बघ ना, शहर किती मागे राहिलं."

"मुली आहेत इथे."

"सिस्टर्स आहेत की लक्ष ठेवायला."

"सिस्टरना सांगितलंय तुम्ही?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सांगितलं तर इथे त्यांना मान कोण देईल? बिशपसाहेबांनी शब्द घेतलाय."

"कोणाकडून?"

"फादरांकडूनच. ते बदललेत, पर्पेत. तूही आता क्षमा करायला शीक. आज फक्त हात दे. बाकीचं आमच्यावर सोड."

"फादरांकडूनच," मी म्हणाले.

"चला, उशीर होतोय," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले. लोक वाकून नमस्कार करत होते, ते प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होते.

चर्चच्या दारात सावरपाड्याकडून एक म्हातारी उभी होती. मार्ताबाई वरठा. वसतिगृहाचा सगळा स्वयंपाक तिच्याकडे, आणि पाड्यात तिच्याहून वडील कोणी उरलं नव्हतं. अनवाणी, काटक, नेसण गुडघ्यापर्यंत. तिच्या शेजारी एक मुलगी हार घेऊन उभी होती. झगा तिला मोठा होत होता.

"ही माझी नात, अनिता," मार्ताबाई मला म्हणाली. "तूच का हात देणार? बरा झाला, बाईमाणूस आली." वारली माणसं कोणालाच अहो-जाहो करत नाहीत, बिशपलासुद्धा नाही. मला ते बरं वाटलं.

अनिताने हळूच, शाळेत शिकवलेल्या मराठीत विचारलं, "नवे फादर गाणी शिकवतात ना?"

"कोणी सांगितलं तुला?"

"त्या मोठ्या फादरनी." तिने मोन्सिनियरकडे बोट दाखवलं. "मागल्या वेळी आले तेव्हा. ते म्हणले, तुझा आवाज चांगला आहे, नवे फादर तुला एकटीला शिकवतील."

त्या मुलीचे दात पुढे होते, आणि ती ते ओठांनी झाकत हसत होती. घरी मागच्या दारात उभी राहिलेली सेलिन मला दिसली. पण मुली आहेत का? मुली आहेत का, आय?

बॅंड मागे येऊन उभा राहिला. बस रिकामी होऊन गाव अर्धवर्तुळात जमा झालं. समोर पाड्याची माणसं. ढोल थांबला. दुमिंगमामाने काठी वर धरली, सोपवणी झाली की खाली आणायची म्हणून. क्लेटस माझ्या उजव्या बाजूला आला आणि त्याने हात पुढे केला. तळवा वर. नखं स्वच्छ कापलेली.

मी त्या हाताकडे पाहिलं. कोणीतरी मागून म्हणालं, "बोल गो."

मला भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू, कधी नव्हे इतकी भीती वाटत होती. सेलिनला दिलेला शब्द मोडेल म्हणून, आणि गाव आम्हांला वाळीत टाकेल म्हणून. देवाचीही वाटत होती. पण त्या सगळ्या भीतीपेक्षा ती झगा मोठा होणारी मुलगी जास्त जवळ उभी होती.

मी क्लेटसच्या समोरून पलीकडे गेले आणि मोन्सिनियरचा हात धरला. मऊ, थंड हात. त्यांना वाटलं मी हाताचं चुंबन घेणार, म्हणून त्यांनी तो सवयीने वर उचलला. मी तो मार्ताबाईच्या हातात दिला.

"फादरांचा हात मी देणार नाही," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. "मी ह्यांचा देते. फादरांना इथे ह्यांनी आणलंय. आमच्या गावातून का काढलं, ते ह्यांना ठाऊक आहे. मार्ताबाई, हे सांगेपर्यंत हात सोडू नकोस."

कोणाला काही कळेना. मोन्सिनियर हसले. "पर्पेतबाई गोंधळल्या. ऊन लागलं असेल. लांबचा प्रवास." मग दुमिंगमामाकडे बघून म्हणाले, "वाजवा, वाजवा!"

दुमिंगमामाची काठी खाली आली. मोन्सिनियरनी सांगितलं आणि त्याने केलं नाही, असं त्याच्या आयुष्यात झालं नव्हतं. ड्रम वाजला, ट्रॉम्बोन वाजला, क्लॅरिनेट वाजली. पण आमच्या बॅंडची चाल कॉर्नेटवर चालते, आणि कॉर्नेट आलाच नाही. चार-पाच सूर लंगडत पुढे गेले आणि चाल मोडली.

"इनास! फुंक की रे!"

इनासने कॉर्नेट तोंडापासून काढला आणि पायरीवर पालथा ठेवला.

"माझी बायको बोलतेय," तो म्हणाला.

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. या माणसाने चारचौघांत माझी बाजू घेतल्याचं मला आठवत नाही. घरात मला म्हणायचा, सोपवून टाक. आता तो कॉर्नेटपाशी तसाच उभा राहिला.

मार्ताबाईने मोन्सिनियरचा हात घट्ट धरला होता. ते सोडवून घ्यायला बघत होते. पण ती रोज चुलीवरून भाताची पातेली उतरवणारी बाई, तिचा पंजा काय सुटतोय!

"काय सांगाचा हाय ते सांग," ती म्हणाली.

"आजी, इथे नाही. ही जागा नाही."

"मंग कुठं? पोरी इथं हायत."

"आजी, हात सोड."

"नाय. सांग."

त्यांचा चेहरा लाल झाला. इतकी वर्षं त्यांना कोणी हाताला धरून उभं केलं नसेल. पाड्याची माणसं जवळ सरकली. मग त्यांचा तोल सुटला. त्यांनी माझ्याकडे वळून, दात आवळून म्हटलं, "पर्पेत, तुझ्या मुलीची लाज मी आजवर झाकली. बिशपसाहेबांना सांगून सगळं निस्तरलं. आणि त्याचे हे पांग फेडतेस?"

ते बोलले आणि थांबले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं. सगळ्यांनाच कळलं.

आमचं सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मला मुलगी एकच. मागून एका बाईचा "अगो देवा" ऐकू आला. दुमिंगमामाने काठी काखेत धरली. मी जीव मुठीत धरून जपलं होतं ते या माणसाने क्षणात सगळ्यांसमोर ओतलं होतं.

मार्ताबाई मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्याच तोंडाकडे बघत होती.

"म्हंजे हिच्या पोरीला काय झाला ते तुला ठावं होता."

त्यांनी हात पुन्हा ओढून बघितला.

"आन् तरी तू याला आमच्या पोरींत आणला."

"तसं नाही. हे बघ, चौकशी व्हायची होती. मायलेकींनी कळवलं होतं, पण..."

"ठावं होता का नाय?"

पाड्याचा एक बाप्या पुढे आला. मग दुसरा. इकडून दुमिंगमामाही एक पाऊल पुढे आला, ते मी पाहिलं. मोन्सिनियरनी सगळ्यांवरून नजर फिरवली. एकाही चेहऱ्यावर त्यांना आधार मिळाला नसावा.

"हो," ते म्हणाले.

अगदी हळू म्हणाले. पण तेव्हा तिथे पान हलत नव्हतं.

मार्ताबाईने हात सोडला, नेसणाला पुसला. "अनिता, हार इकडं आण. चला गं पोरींनो, आत." मुली आत गेल्या, फुलं हातातच होती. शेवटी मार्ताबाई गेली आणि तिने वसतिगृहाचं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर क्लेटस आधीच पांढऱ्या गाडीत जाऊन बसला होता, गळ्यात हार तसाच.

परतीच्या प्रवासात बसमध्ये चिवडा फिरला नाही. गाणी नाहीत, जपमाळ नाही. एकीने मला ऐकू येईल असं म्हटलं, की हे घरात बसून सांगता आलं असतं, चर्चच्या दारात कशाला? दुसरी तिला म्हणाली, "तू गप बस." तेवढंच. दुमिंगमामा सगळा वेळ पुढे ड्रायव्हरजवळ बसून होता. गाव जवळ आल्यावर तो उठून माझ्यापाशी आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि परत गेला.

पुढचं सगळं लांबलचक आहे. तक्रार द्यायचं सेलिनने स्वतः ठरवलं, बऱ्याच महिन्यांनी. दुसऱ्या गावांतूनही मुली पुढे आल्या. बिशप हाउसने आधी सांगितलं की वरच्यांना कोणाला काही कल्पनाच नव्हती. तेव्हा आमच्या गावातून पहिला जबाब द्यायला दुमिंगमामा गेला. "मी तिथे होतो. ते 'हो' म्हणाले. बॅंडमास्तरचे कान आहेत माझे," असं त्याने पोलिसांना सांगितलं. क्लेटस तुरुंगात गेला. मोन्सिनियरना पद सोडावं लागलं. बिशपसाहेब आमच्या चर्चमध्ये उभे राहिले आणि खाली बघून माफी मागितली. काही लोकांनी आम्हांला त्यांच्या लग्नांत बोलावणं बंद केलं. आमच्या गावात सोपवणी अजून होते, पण आता हात द्यायच्या आधी समोरचा माणूस मोठ्याने विचारतो, "काही सांगायचं राहिलंय का?" आणि बिशप हाउसहून आलेल्या माणसाला उत्तर द्यावं लागतं.

पण मला आठवतो तो त्या दिवशीचा घरी पोचण्याचा क्षण. दिवे लागत होते. सेलिन ओटीवर बसून उद्याच्या बाजारासाठी शेवंतीच्या जुड्या बांधत होती. बसपासून घरापर्यंतचं अंतर मला तोडवत नव्हतं. इनासला म्हणाले, "तुम्ही सांगा." तो म्हणाला, "तूच सांग. मी आहे."

मी पायरीपाशी आले तशी ती म्हणाली, "मुली होत्या?"

"होत्या."

तिने जुडीला दोरा गुंडाळला. "सोपवलंस?"

"नाही. तिथल्या म्हातारीने, मार्ताबाईने, मुलींना आत घेतलं आणि दार लावलं. त्याला परत नेला."

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. मी लगेच बोलून टाकलं, नाहीतर जमलं नसतं. "बाय, पण एक झालं. सगळ्यांना कळलं. तुझं."

तिचे हात थांबले. "तू सांगितलंस?"

"नाही गो. शपथ. मोन्सिनियर रागाच्या भरात बोलून गेले. म्हणाले, तुझ्या मुलीची लाज मी झाकली."

ती शेवंतीकडे बघत बसली. मला वाटलं, आता रडेल, उठून आत जाईल, पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. मी दोन्ही हातांनी ओटीची कड धरून उभी होते.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हो."

"त्या दिवशी मी सांगितलं, तेव्हा त्यांना खरंच वाटलं होतं?"

मी मान हलवली. खरं वाटलं नसतं तर बदली कशाला केली असती?

"मला वाटलं..." तिने वाक्य पुरं केलं नाही. किती महिने ती ते पोटात घेऊन या घरात फिरत होती, ते मला तेव्हा कळलं. "सगळ्यांसमोर म्हणाले? ठाऊक होतं म्हणून?"

"मार्ताबाईने हात धरून विचारलं. तेव्हा 'हो' म्हणाले."

"मीसुद्धा ऐकलं," अंगणातून इनास म्हणाला.

सेलिनने मांडीवरची फुलं बाजूला केली आणि माझ्यासाठी जागा केली. मी तिच्या शेजारी बसले.

"परत सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मी सांगितलं. संपलं तेव्हा काळोख पडला होता. ती माझ्या दंडाला टेकली आणि पुन्हा म्हणाली, "परत सांग."

मग मी दुमिंगमामा बसच्या टपावर ड्रम चढवून घेत होता, तिथपासून परत सुरुवात केली.